वय वर्षे शंभर, किंमत शून्य

आमच्या सासरी शंभर वर्षांखालच्या वस्तूला कोणी वस्तू म्हणत नाही. न्हाणीघरातला तांब्याचा बंब शंभर वर्षांचा, पाटा-वरवंटा त्याच्याही आधीचा आणि देवापुढची समई तर थेट पेशवाईतली. हा सगळा इतिहास आतेसासूबाईंनी सांगितलेला, आणि आतेसासूबाईंना उलटतपासणी चालत नाही. पाहुणा आला की चहाच्या आधी समईची ओळख होई. "हिनं पानशेतचा पूर पाहिलाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. १२ जुलै १९६१ला नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी म्हणे आधी समई उचलली आणि मग धाकटी बहीण. ती धाकटी बहीण म्हणजे स्वतः आतेसासूबाई. या क्रमाबद्दल त्यांची कधीच तक्रार नव्हती. समई किती मोलाची, याचा तोच तर पुरावा.

पुढे नवऱ्याला मेलबर्नला नोकरी लागली. घरसामान जहाजानं न्यायचा खर्च कंपनी देणार म्हणाली आणि सामानाचा अंदाज घ्यायला शिपिंगवाल्यांचा माणूस आला. मूळचा उरणचा, बोलायला मोकळा, आणि नजर अशी की कपाटाकडे बघितलं की त्याला आकडाच दिसे. "पॉइंट आठ." पलंगाकडे बघून, "दीड." एकदा त्याची नजर चुकून सासूबाईंवर स्थिरावली तेव्हा त्या चटकन खुर्चीत बसल्या. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर माल मावतो, त्यातला एक तृतीयांश आमचा आणि उरलेल्या जागेत आणखी दोन-तीन बिऱ्हाडं, असा हिशेब होता.

"म्हणजे आपले देव कोणाच्या तरी बुटांना लागून जाणार," आतेसासूबाई म्हणाल्या.

"प्रत्येकाचा माल वेगळा असतो आजी. मध्ये फळ्या ठोकतो आम्ही."

"आणि ही समई जपून न्या हो. दोनशे वर्षांची आहे."

त्याचं पेन थांबलं. त्यानं दाराकडे एकदा बघून घेतलं. "आजी, इथं बोललात ते बोललात. पुढे कोणाला सांगू नका."

मग त्यानं आम्हाला १९७२चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा समजावून सांगितला. शंभर वर्षं पुरी झालेली मूर्ती, नाणं, कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर न्यायला तुम्हाआम्हाला मनाई आहे. हस्तलिखिताला तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात. वस्तू जुनी दिसली आणि कस्टम्सला शंका आली, तर पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून 'ही पुरावस्तू नव्हे' असा दाखला लागतो. त्यांच्या मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यापाशी आहे.

"म्हणजे ही जुनी नाही, असं सरकारकडून लिहून आणायचं?" आतेसासूबाईंचा आवाज चढला. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, सगळे त्यांनी बघितले होते. पण कुलीन समईनं रांगेत उभं राहून आपण कोवळ्या असल्याचा दाखला घ्यायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. नवरा मात्र पटकन सावरला. शाळेत 'आमच्या घरातील जुनी वस्तू' या निबंधात ज्यानं तिला दोनशे वर्षांची केलं होतं, तोच आता ती फार तर अठ्ठ्याण्णव वर्षांची असावी, असं शांतपणे पटवून देऊ लागला.

वाद मिटवला तो शिपिंगवाल्यानं. त्यानं समई आडवी केली, बैठकीच्या खालच्या अंगाला मोबाइलचा टॉर्च मारला आणि चिंच लावलेला हात जिथं कधी पोचला नव्हता तिथं बोटानं घासलं. ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं निघालं. मुंजीनिमित्त मामाकडून, आणि पुढे साल. १९६३.

खोलीत शांतता पसरली. पूर १९६१चा.

"नाव मागाहून घातलं असेल," आतेसासूबाई म्हणाल्या.

"दोन वर्षांनी?"

"पुरानंतर कासार मिळत होते का पुण्यात?"

शिपिंगवाल्यानं समईचा फोटो काढला, तारखेचा वेगळा काढला आणि आनंदानं यादीत लिहिलं: पितळी दिवा, वापरलेला. पंचाहत्तर वर्षांची अट ऐकल्यापासून सासूबाईंनी पणजोबांच्या हातची पोथी पदराखाली धरली होती. ती त्यांनी जाता जाता धाकट्या दिरांच्या हवाली केली. बंबावर कुठंच तारीख नव्हती, पण त्याचं 'पॉइंट चार' ऐकून तो पुण्यातच राहील असं ठरलं. आपल्या ज्येष्ठतेचा संशय कायम राखून गावी राहिलेली आमच्या घरातली ती एकच वस्तू.

एवढं झाल्यावर वाटलं, वयाचा प्रश्न मिटला. पण तो फक्त या किनाऱ्यावरचा मिटला होता. त्या किनाऱ्यावर नियम नेमका उलटा. ऑस्ट्रेलियात बिऱ्हाड घेऊन येणाऱ्याला जकात आणि कर माफ होतो तो त्यानं स्वतः बारा महिने किंवा त्याहून जास्त काळ बाळगलेल्या आणि वापरलेल्या सामानावर. नव्याकोऱ्या वस्तूवर पैसे पडू शकतात. म्हणजे न्हावा-शेवाला आमचं सामान फार म्हातारं असता कामा नये आणि मेलबर्नला फार तरुण असता कामा नये. वधुवर सूचक मंडळातसुद्धा वयाची इतकी काटेकोर अट मी पाहिली नाही.

नेमका तो निरोपसमारंभांचा हंगाम. 'परदेशी जाताय' या एका वाक्यावर आमच्याकडे स्टीलचे तीन डिनर सेट, दोन मिक्सर आणि एक फिरकीचा लोखंडी झोपाळा आला. मिक्सर तिकडेही चालतो, वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, फक्त प्लगचे पाय तिरके असतात. पण त्याचं वय दहा दिवस. नवऱ्याच्या मनात मिक्सरला झटपट प्रौढ करायचं आलं. रोज चटणी वाटायची, भांड्याला हळदीचा डाग पडू द्यायचा, वायरीला एक चिकटपट्टी. "आणि पावतीवरची तारीख?" मी विचारलं. "तिलाही चटणी लावू," तो म्हणाला. शेवटी दोन्ही मिक्सर आणि झोपाळा ज्यांचे त्यांच्याकडे परत जाण्याऐवजी, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, पुढच्या दोन लग्नांत आणि एका वास्तुशांतीत गेले. आमचा जुना, दांडी मोडलेला, झाकण हातानं दाबून धरावं लागणारा मिक्सर तेवढा ऑस्ट्रेलियाला निघाला. त्याच्या वयाविषयी कोणालाच शंका येणार नव्हती.

वयापाठोपाठ किमती आल्या. कस्टम्सच्या पॅकिंग लिस्टवर आमच्या संसारापुढे 'वापरलेलं घरसामान, व्यापारी मूल्य नाही' असा शेरा पडला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे कोणीतरी लेखी दिलं याचं नवऱ्याला समाधान वाटलं. पण त्याच संध्याकाळी विम्याचा तक्ता आला. सागरी विम्याला भावनिक किंमत कळत नाही आणि जुन्या बाजारातली किंमतही नको असते. वस्तू बुडाली तर तशीच नवी मेलबर्नमध्ये घ्यायला किती पडेल, हे डॉलरमध्ये लिहायचं. तिथं पुरणयंत्र कितीला मिळतं? पाटा-वरवंटा? चकलीचा सोऱ्या? नवरा दोन रात्री जागला. पुरणयंत्रासाठी त्यानं टोमॅटोचा रस गाळायच्या एका इटालियन यंत्राची किंमत लावली. विळीला दर सापडेना, तेव्हा हॉटेलातल्या स्वयंपाक्यांच्या सुऱ्यांचा संच आणि एक छोटी घडीची खुर्ची यांची बेरीज केली. कारण विळीवर बसतातही. हा त्याचा युक्तिवाद मला आजही निर्दोष वाटतो.

तक्ता सासूबाईंच्या हाती पडला आणि त्यांनी डॉलरचे रुपये केले. "माझं पुरणयंत्र एवढ्याचं?"

"विम्यापुरतं, आई."

"मग ते मी तुम्हाला कशाला देऊ? राहू दे इथंच. बँकेत ठेवू."

म्हणजे एकच पुरणयंत्र, पण भारत सरकारपुढे शून्य किमतीचं, विमा कंपनीपुढे सोन्याच्या अंगठीच्या तोडीचं आणि सासूबाईंच्या मते आता लॉकरमध्ये ठेवण्याजोगं. तिन्ही कागदांवर सही माझ्याच नवऱ्याची, आणि तिन्ही कागद आपापल्या जागी अगदी खरे.

यानंतर आला बी ५३४. दिसायला साधा अर्ज, सोबत नसलेल्या घरसामानाचं निवेदन, पण ऑस्ट्रेलियन माणूस जगाकडे कसा बघतो हे त्यातून कळतं. सामानात लाकडाचं काही आहे का? बांबू, वेत, गवत? बी-बियाणं? पीस, हाड, कातडं? बागेची अवजारं? माती लागलेले बूट? आपल्याकडे कस्टम्सवाला विचारतो सोनं किती आणलं. तिकडचा विचारतो बुटाच्या तळाला काय आहे.

या भीतीलाही इतिहास आहे, आणि तो मेलबर्नच्या जवळपासच घडलेला आहे. १८५९च्या नाताळात गीलाँगजवळच्या बार्वन पार्क नावाच्या इस्टेटीवर टॉमस ऑस्टिन नावाच्या गृहस्थानं इंग्लंडहून मागवलेले सशांचे दोन डझन नग उतरवून घेतले. हेतू अगदी निरागस, शिकारीची हौस आणि मायदेशाची आठवण. माझ्या मते हा इसम मुळात आपल्यातलाच. गावाकडचं काहीतरी डोळ्यांसमोर असलं की परदेशात बरं वाटतं, एवढंच त्याचं म्हणणं. आपण मेतकूट नेतो, त्यानं ससे नेले. पण मेतकूट वाढत नाही. पन्नासेक वर्षांत सशांनी जवळजवळ सगळं खंड पादाक्रांत केलं. पश्चिम ऑस्ट्रेलियानं त्यांना अडवायला १९०१ ते १९०७ या काळात तीन कुंपणं घातली, मिळून तीन हजार किलोमीटरहून लांब. कुंपण पुरं व्हायच्या आत ससे पलीकडे हजर. त्याही आधी, १७८८ला, पहिल्या आरमाराबरोबर फड्या निवडुंग गेला होता. त्यावरच्या किड्यांपासून लाल रंग करायचा आणि शिपायांचे डगले रंगवायचे, असा बेत होता. डगल्यांचं काय झालं देव जाणे, निवडुंगानं मात्र १९२०च्या दशकापर्यंत सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन गिळली. त्याला शेवटी खाल्लं ते अर्जेंटिनाहून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावानं कृतज्ञतेनं आपल्या सभागृहाला त्या पतंगाचं नाव दिलं आहे. आपल्याकडे सभागृहाला नाव द्यायचं म्हटलं की दोन गट पडतात. तिथं एका अळीवर एकमत झालं.

तेव्हा असं पोळलेला माणूस ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिणार. २०१५ साली हॉलिवूडच्या जॉनी डेपची दोन कुत्री खाजगी विमानातून न सांगता गोल्ड कोस्टला उतरली, तर तिथल्या कृषिमंत्र्यांनी दोन दिवसांत त्यांना परत न्या, नाहीतर मारून टाकू, असं जाहीर केलं होतं. पुढच्या वर्षी नवराबायकोला व्हिडिओवरून देशाची माफी मागावी लागली. सासूबाईंना मी हे मुद्दाम सांगितलं. जिथं जॉनी डेपच्या कुत्र्यांची डाळ शिजली नाही, तिथं आपली तूरडाळ कुठली शिजायला?

आणि डाळीवर तर ऑस्ट्रेलियावाल्यांचा खास डोळा. कारण खापरा. खापरा हा धान्यातला भुंगेरा, मूळ आपल्याच उपखंडातला. त्याच्या अळ्या कंटेनरच्या फटीत, खोक्याच्या घडीत दडून राहतात आणि खायला काही नसतानाही वर्षानुवर्षं तग धरतात. (एकादशीचा उपास करताना दर अर्ध्या तासानं घड्याळ बघणाऱ्या आमच्या घराला या प्राण्याविषयी नुसता आदरच वाटावा.) त्याच्या धास्तीनं ऑस्ट्रेलियानं २०२०पासून जहाजानं जाणाऱ्या घरसामानात तांदूळ, गहू, हरभरा, मूग, मसूर, जिरे, धने, सुक्या मिरच्या अशा कित्येक जिनसांना बंदी घातली. ती यादी शिपिंगवाल्यानं वाचून दाखवली तेव्हा सासूबाईंना वाटलं की तो आमच्या फडताळातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचतोय.

"गोडा मसाला तरी?"

"नको ताई."

"भाजलेला आहे. त्यात किडा सोडाच, किड्याचा आत्मा राहायचा नाही."

"तिकडे सगळं मिळतं. डँडेनाँगला फॉस्टर स्ट्रीटवर आपल्या लोकांची दुकानंच दुकानं आहेत."

"दुकानातला मसाला?" सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढचा कागद शोधू लागला.

केरसुणीही गळाली. शिंदीच्या पानांची, म्हणजे सुकलेली वनस्पती. सासूबाईंनी लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहिलेली ती लक्ष्मी आहे असा मुद्दा मांडून पाहिला. अर्जात लक्ष्मीसाठी वेगळा रकाना नव्हता. सूप, रोवळी, परड्या त्याच रांगेत गेल्या. लाकडाला सरसकट मनाई नव्हती. साल नको, कीड नको, भोकं नकोत, आणि वस्तू स्वच्छ हवी. मग पोळपाटाचं काय? तो तर रोज गव्हाच्या पिठात लोळणारा. आमच्या पोळपाटाला तीन पाय आहेत आणि त्या पायांच्या सांध्यात तीन पिढ्यांची कणीक. ती काढायला आधी घासणी, मग दातकोरणी, मग नवऱ्याचा जुना टूथब्रश लागला. काढून झाल्यावर पोळपाट डुगडुगायला लागला. त्याला धरून ठेवलं होतं ते कणकेनंच.

आतेसासूबाईंनी बूट धुवायचं काम आपणहून घेतलं. नवऱ्याच्या ट्रेकिंगच्या बुटांमध्ये राजगड होता, तोरणा होता, थोडा हरिश्चंद्रगड होता. ही माती पवित्र आहे, ती धुवू नये, असं नवरा म्हणाला. "मग परदेशात बुटाखाली कशाला तुडवतोस?" असं म्हणून त्यांनी तिन्ही किल्ले मोरीत वाहून टाकले.

माझा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता. तंबोरा. मिरजेचा, सतारमेकर गल्लीत बसून वडिलांनी माझ्यासाठी करवून घेतलेला. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पेढे वाटले होते. आता बी ५३४च्या नजरेनं बघितलं तर हे वाद्य म्हणजे चालताबोलता गुन्हा. खाली अख्खा वाळवलेला कडू भोपळा, वर लाकूड, आणि भोपळ्याच्या पोटात कोणी कधी डोकावलेलं नाही. शिवाय कडेनं पांढरी नक्षी. आतेसासूबाई ती आल्यागेल्याला हस्तिदंती म्हणून दाखवत. हस्तिदंत असेल तर तंबोराच काय, आम्हीसुद्धा देशाबाहेर पडणार नव्हतो. मी घाबरून मिरजेला फोन केला. कारागीर पोट धरून हसला. "हस्तिदंत? बाई, तुमच्या वडिलांनी दिलेल्या पैशात? प्लॅस्टिक आहे ते." प्लॅस्टिकचं नाव ऐकून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. समईपाठोपाठ तंबोऱ्याची अब्रू गेल्यामुळे आतेसासूबाई मात्र त्या दिवशी लवकर झोपल्या.

तंबोऱ्यासाठी लाकडी क्रेट करावा लागला. परदेशी जाणाऱ्या पॅकिंगच्या लाकडाचेही नियम असतात. ते गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग अर्धा तास तापवायचं किंवा औषधाचा धूर द्यायचा आणि मग त्यावर आंतरराष्ट्रीय छाप मारायची. त्या छापात गव्हाची ओंबी काढलेली असते. ज्या देशात आमचा गव्हाचा दाणा जाऊ शकत नव्हता, तिथं लाकडाला आत जायला ओंबीचं चित्र लागत होतं. क्रेटची कागदपत्रं तंबोऱ्याहून पक्की निघाली.

पॅकिंगचा दिवस धामधुमीत गेला. पोरं इतकी चपळ की कपातला चहा संपायच्या आत कप गुंडाळत होती. चष्मा काढून टेबलावर ठेवलेला नवरा नंतर तासभर खोक्यांवरचे नंबर माझ्याकडून वाचून घेत होता. चष्मा खोका क्रमांक एकोणीसमध्ये होता आणि एकोणीस आता ट्रकच्या तळाशी होता. देवघराचं खोकं सासूबाईंनी परक्या हातांना भरू दिलं नाही. सोवळं नेसून, दार लोटून त्यांनी ते स्वतः भरलं. मुकादमानं बाहेरून विचारलं, "आत काय काय आहे, आजी?" आतून उत्तर आलं, "देव." त्यानं यादीत लिहिलं: पितळी मूर्ती, वापरलेल्या.

न्हावा-शेवाहून जहाज निघालं, कोलंबोला आमचा कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढला, आणि त्या अवधीत आम्ही मेलबर्नच्या रिकाम्या घरात जमिनीवर जेवत राहिलो. जहाज कुठं आहे ते मोबाइलवर दिसे. पुण्याहून आतेसासूबाई रोज विचारत, आणि ठिपका हलला नसला की नवऱ्यालाच रागावत.

अखेर माल बंदरातून गोदामात आला आणि मेलबर्नच्या क्लिअरिंग एजंटचा मेल आला. तंबोरा सुटला होता. तपासनीस बाईंनी भोपळ्यात टॉर्च मारून बघितलं आणि वाद्य सुंदर असल्याचा निरोपही एजंटकडे दिला. पोळपाट सुटला, पाट सुटले, समई सुटली. अडकलं होतं देवघराचं खोकं. सोबत फोटो होता. पांढऱ्या टेबलावर, मोजपट्टी शेजारी ठेवून, माझी अन्नपूर्णा. लग्नात आईनं दिलेली. आणि तिच्या शेजारी, ज्या वाटीत ती एरवी उभी असते ती वाटी, वाटीवर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर रबर, आणि आत दोन मुठी तांदूळ.

मी पुण्याला फोन लावला.

"आई, वाटीत तांदूळ ठेवले होते?"

"मग? अन्नपूर्णेला काय उपाशी पाठवू?"

"तांदळाला बंदी आहे, सांगितलं होतं ना."

"ते खायच्या तांदळाला. हे तिचे आहेत."

हा भेद मी जमेल तसा एजंटला लिहून कळवला. देवी कोण, ती तांदळात का उभी असते, तांदूळ खाण्यासाठी नाहीत, विक्रीसाठी तर नाहीतच, आणि ते ठेवणाऱ्या बाईंचं वय एकोणऐंशी आहे. उत्तर सभ्य होतं. देवीबद्दल विभागाला आदर आहे. तांदळाबाबत मात्र पर्याय दोनच, स्वखर्चानं परत पाठवणं किंवा स्वखर्चानं नष्ट करणं. देवी आणि वाटी पुसून सोडता येईल. शिवाय एक दाणा सापडल्यामुळे बाकीची सगळी खोकी उघडून बघावी लागतील, त्याचा तासावर आकार. त्या तपासणीत त्यांना नवऱ्याचा चष्मा सापडला, हा त्यातल्या त्यात फायदा.

बिल आलं. नवऱ्यानं त्याला दोन मुठींनी भागलं, मग मुठीतल्या अंदाजे दाण्यांनी भागलं आणि कॅल्क्युलेटर उलटा ठेवला. एवढ्या पैशात इथल्या दुकानातून वर्षभराचा बासमती आला असता. विम्याच्या तक्त्यात तांदळाची ओळच नव्हती, त्यामुळे ते सागरी विम्यातही बसेनात. एजंटनं नाशाचा दाखलाही पाठवला: वनस्पतिजन्य पदार्थ, अंदाजे शंभर ग्रॅम, देखरेखीखाली नष्ट. समईला जो दाखला घ्यावा लागला नाही, तो अखेर तांदळाला मिळाला.

खोकं घरी आलं त्या संध्याकाळी मी देव मांडले आणि सासूबाईंना व्हिडिओवर दाखवले. त्यांनी सगळ्यांत आधी वाटी बघितली.

"हे कुठले?"

"इथलेच. न्यू साउथ वेल्समध्ये पिकतात."

"जाड दिसतायत."

"मध्यम आहेत, आई."

त्या मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मागून आतेसासूबाईंचा आवाज आला, "काय म्हणते? देवी सुटली का?"

"सुटली. पण हिनं तिला कसल्यातरी जाड्या तांदळात उभी केलीय." मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू काळजी करू नकोस. उद्याच मी दोन मुठी आंबेमोहर कुरिअरनं पाठवते."